बदललेल्या पॅटर्नचे पैसे कोण देणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये स्पेसएक्सने रॅप्टर ३ या रॉकेट-इंजिनाचा फोटो प्रसिद्ध केला. प्रतिस्पर्धी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो यांनी तो पाहून जाहीर शंका घेतली की हे इंजिन अर्धवट जोडलेलं दिसतंय. शंका घेण्यासारखंच होतं. रॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीवर नळ्या, तारा, सेन्सर आणि फ्लॅन्ज यांचं असं जंगल होतं की इंजिन नेमकं कुठंय ते शोधावं लागायचं. तिसऱ्यात ते जंगलच नाहीसं झालेलं. स्पेसएक्सच्या अध्यक्ष ग्विन शॉटवेल यांनी मग तेच इंजिन चाचणीत ज्वाळा ओकत असल्याचा फोटो टाकला आणि अर्धवट जोडलेल्या इंजिनाच्या मानाने बरं चालतंय की, अशा अर्थाचा टोमणा मारला.

कोल्हापुरात हा किस्सा सांगितला की लोक हसतात आणि लगेच वजन विचारतात. उद्यमनगर असो, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, फाउंड्र्यांच्या (ओतकामाच्या कारखान्यांच्या) या वसाहतींत लोखंडात आयुष्य गेलेल्या माणसाला वजनाशिवाय गोष्ट पुरी वाटत नाही. तर कंपनीनेच दिलेले आकडे असे. रॅप्टर १ चा रेटा १८५ टन आणि वजन २०८० किलो. रॅप्टर २ चा रेटा २३० टन, वजन १६३० किलो. रॅप्टर ३ मध्ये रेटा २८० टनांवर गेला आणि वजन १५२५ किलोवर आलं. पण नुसत्या इंजिनाच्या वजनात खरी मेख नाही. प्रत्येक इंजिनापायी रॉकेटच्या अंगावर जे जास्तीचं सामान चढवावं लागतं, म्हणजे उष्णतेपासून वाचवणारं कवच, आग विझवण्याची यंत्रणा, जोडण्या, ते धरलं तर रॅप्टर २ पडायचं २८७५ किलोला आणि रॅप्टर ३ पडतं १७२० किलोला. एका इंजिनामागे ११५५ किलो वाचले. स्पेसएक्सच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटच्या खालच्या टप्प्याला, म्हणजे सुपर हेवी या बूस्टरला, अशी ३३ इंजिनं लागतात. म्हणजे सुमारे ३८ टन ओझं रॉकेटच्या बुडातून निघून गेलं, आणि रेटा वाढला तो वेगळाच.

मग नळ्या गेल्या कुठे? आत गेल्या. धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगमुळे जे मार्ग पूर्वी बाहेरून नळी वाकवून काढावे लागत, ते आता भिंतीच्या जाडीतच ठेवता येतात. उघड्या पडणाऱ्या भागांतून इंधनच खेळवून त्यांना थंड ठेवलं की वेगळं कवच लागत नाही. कवच नसलं की त्याच्या आत गळती साचून आग लागण्याची भीती जाते, आणि भीती गेली की आग विझवण्याची यंत्रणाही जाते. एका दुरुस्तीने दोन गोष्टींची गरजच संपवली. याची किंमतही आहे. नट-बोल्ट सोडून नळी बदलण्याची सोय राहिली नाही. काही ठिकाणी दुरुस्ती म्हणजे कापून पुन्हा वेल्डिंग. पाना घेऊन बसणाऱ्या मिस्त्रीला हे इंजिन आवडणार नाही.

स्टारशिपच्या तिसऱ्या आवृत्तीतले बाकीचे बदलही असेच, काढून टाकण्याकडे झुकणारे. त्यातल्या एका कड्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

२० एप्रिल २०२३ ला स्टारशिपने पहिलं पूर्ण उड्डाण केलं, तेव्हा वरचं यान आणि खालचा बूस्टर वेगळे झालेच नाहीत. त्यानंतर दोन्ही वेगळे करायची पद्धतच बदलली. बूस्टरची मोजकी इंजिनं चालू असतानाच वरच्या यानाची इंजिनं पेटवायची, असं ठरलं. पण मग त्या ज्वाळा बाहेर पडायला वाट हवी. म्हणून बूस्टरच्या डोक्यावर झरोक्यांचं एक पोलादी कडं नंतर बसवण्यात आलं. नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात ते कामाला आलं, यान वेगळं झालं. पुढे उतरताना त्या कड्याचं वजन जड जाऊ लागलं, म्हणून चौथ्या उड्डाणापासून ते वाटेत समुद्रात टाकून देऊ लागले. पुन्हा वापरायचं म्हणून गाजावाजा झालेलं रॉकेट दर खेपेला आपलं एक कडं समुद्राला अर्पण करत होतं! तिसऱ्या आवृत्तीत ते कडं वेगळं उरलंच नाही, बूस्टरच्या बांधणीतच मिसळलं. अडचण आली, ठिगळ लावलं, ठिगळ जड झालं, ते फेकलं, आणि शेवटी मूळ आराखडाच असा बदलला की ठिगळाची गरज उरली नाही. हा सगळा प्रवास त्यांनी उड्डाणं चालू ठेवून केला.

दिशा देणारे जाळीदार पंख चाराचे तीन झाले. प्रत्येक पंख ५० टक्के मोठा झाला आणि वरच्या इंजिनांच्या आचेपासून वाचावा म्हणून खाली सरकला. इंधन वाहून नेणारी आतली नळी जवळपास फाल्कन ९ या स्पेसएक्सच्याच जुन्या, लहान रॉकेटच्या पहिल्या टप्प्याएवढी मोठी झाली. यानाला अवकाशात दुसऱ्या यानाशी जोडून इंधन घेण्याची सोय ठेवली.

आता याची दुसरी बाजू. २०२५ साल स्टारशिपसाठी वाईट गेलं आणि त्याला कारण हीच बदलांची हौस होती, असं म्हणायला जागा आहे. दुसऱ्या आवृत्तीचं यान १६ जानेवारीला पहिल्यांदा उडालं. त्यात टाक्या मोठ्या होत्या, इंधनाच्या नळ्या नव्या होत्या, पुढचे पंख लहान करून सरकवलेले होते आणि इलेक्ट्रॉनिक्सही नवं होतं. जमिनीवरच्या चाचणीत दिसली होती त्यापेक्षा जास्त थरथर उड्डाणात झाली, गळती झाली, आग लागली आणि यान फुटलं. त्याचे अवशेष टर्क्स आणि कैकोस बेटांच्या परिसरात पडले, प्रवासी विमानांना वाट बदलावी लागली. ६ मार्चला पुन्हा यान गेलं, या वेळी एका इंजिनातल्या बिघाडाने. २७ मेच्या उड्डाणात यान अवकाशात पोचलं, पण गळतीमुळे ताबा सुटला. १८ जूनला तर पुढचं यान चाचणीच्या तळावरच उडालं, दाबाखालच्या वायूची एक टाकी फुटून. ऑगस्ट आणि ऑक्टोबरची उड्डाणं नीट झाली तेव्हा ती आवृत्ती निवृत्त होण्याच्याच बेतात होती. एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या की बिघाड कशामुळे झाला हे शोधायला दहा जागा होतात. ओतकामातला कुणीही हे सांगेल. कास्टिंगमध्ये पोकळी आली आणि तुम्ही वाळू, धातूचं तापमान आणि रायझर (गोठताना कमी पडणारा धातू पुरवणारा साठा) तिन्ही एकदम बदलले, तर पुढचं कास्टिंग चांगलं आलं तरी का आलं ते कळत नाही.

म्हणून स्टारशिपची सरसकट नक्कल करा, असं मी म्हणणार नाही. इलॉन मस्क यांच्या इतर उद्योगांशी तर मला काहीच देणंघेणं नाही. मला घेण्यासारखी वाटते ती वेगळी गोष्ट आहे.

पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटचा फायदा म्हणून आपल्याकडे फक्त पैशांची बचत सांगितली जाते. बचत होतेच. फाल्कन ९ चे काही बूस्टर ३० पेक्षा जास्त वेळा उडाले आहेत. पण त्याहून मोठा फायदा असा की वापरलेला भाग हातात परत येतो. एकदाच वापरायचं रॉकेट समुद्रात बुडतं. मागे उरतात ते रेडिओवरून आलेले आकडे, आणि बिघाडाच्या क्षणी नेमके तेच तुटपुंजे असतात. परत आलेलं रॉकेट कापून, घासून, भिंगाखाली धरून पाहता येतं. फाल्कन ९ चा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये जमिनीवर उतरला. अशा परत आलेल्या टप्प्यांमध्ये इंजिनाच्या टर्बाइनला तडे दिसले, आणि मे २०१८ मध्ये आलेल्या ब्लॉक ५ या आवृत्तीसाठी तो भाग पुन्हा आखला गेला. ॲल्युमिनियमचे जाळीदार पंख उतरताना पेटायचे, म्हणून २०१७ पासून ते टायटॅनियमचे झाले. १३ ऑक्टोबर २०२४ ला सुपर हेवी बूस्टर मनोऱ्याच्या हातांनी हवेतच झेलला तेव्हा बाहेरच्या रांगेतल्या काही इंजिनांची नोझल उष्णतेने वाकलेली निघाली. ते रॉकेट समुद्रात बुडालं असतं तर ती वाकलेली नोझल कुणाच्या दृष्टीस पडली नसती. कोल्हापूरच्या कारखान्यांत गिऱ्हाईकाकडून परत आलेल्या नगाला रिजेक्शन म्हणतात आणि त्यावर शिव्याही पडतात. पण शहाणा फाउंड्रीवाला तो नग भंगारात टाकण्याआधी करवतीने कापून बघतोच.

परत आलेला भाग बदल सुचवतो हे ठीक. बदल करायची ताकद कुठून येते? माझ्या मते याचं उत्तर खिशात आहे. रॅप्टरमध्ये एका बाजूला तप्त, ऑक्सिजनने भरलेला वायू इतक्या दाबाने फिरतो की साधा धातू त्यात जळून जाईल. त्यासाठी लागणारे मिश्रधातू स्पेसएक्सने स्वतः तयार केले आणि ते ओतायला स्वतःची फाउंड्रीही उभी केली. आराखडा करणारा, साचा करणारा, ओतणारा, चाचणी घेणारा, सगळे एकाच कंपनीत. आज साचा टाकाऊ झाला तर तोटा त्याच खिशाला आणि उद्या रॉकेट हलकं झालं तर फायदाही त्याच खिशाला. म्हणून कुणी कुणाला अडवत नाही.

आपण निवडलेली वाट याच्या नेमकी उलट आहे.

१८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोच्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला, एनजीएलव्हीला, मंजुरी दिली. रक्कम ८,२४० कोटी रुपये, मुदत ९६ महिने. त्यातच विकासाची तीन उड्डाणं, लागणाऱ्या सोयी आणि मोहिमांचा खर्च आला. पृथ्वीनजीकच्या कक्षेत ३० टन नेण्याची क्षमता, पहिला टप्पा परत आणून वापरण्याजोगा. इस्रोच्या आजच्या मोठ्या रॉकेटच्या, एलव्हीएम ३ च्या, तिप्पट भार, दीडपट खर्चात. त्यासाठी श्रीहरिकोट्याला तिसरा तळ बांधायचा आहे, त्याला जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३,९८५ कोटी मंजूर झाले. या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. २०३५ पर्यंत स्वतःचं अवकाश स्थानक हवं आणि २०४० पर्यंत माणूस चंद्रावर हवा, असं ठरवल्यावर मोठं रॉकेट लागणारच.

पण त्या मंजुरीच्या सरकारी निवेदनात एक वाक्य आहे, त्यावर कोल्हापुरात चर्चा व्हायला हवी होती आणि झाली नाही. आशय असा की या प्रकल्पात भारतीय उद्योगाचा जास्तीत जास्त सहभाग असेल आणि उत्पादनक्षमतेत उद्योगाने सुरुवातीलाच गुंतवणूक करावी अशी अपेक्षा आहे, म्हणजे विकासाकडून नेहमीच्या उत्पादनाकडे जाताना खंड पडणार नाही. वाचायला छान वाटतं. पण सुरुवातीलाच गुंतवणूक म्हणजे आराखडा पक्का होण्याआधी पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना), कोअर बॉक्स (आतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याचा साचा), फिक्श्चर (मशिनवर नग पकडून ठेवणारं साधन), गेज, मशिन सगळं खरेदी करून बसायचं. आणि पुन्हा वापरायच्या रॉकेटचं वैशिष्ट्यच असं की त्याचा खरा आराखडा पहिलं रॉकेट परत आल्यावर सुरू होतो.

इथे थोडं थांबून पॅटर्नचं अर्थशास्त्र सांगितलं पाहिजे, कारण दिल्लीतल्या किंवा बंगळुरूतल्या टेबलावर ते दिसत नाही. एखाद्या भागाची भिंत दोन मिलिमीटरने जाड करा, असा बदल ड्रॉइंगवर आला, तर तो काढायला संगणकावर पाच मिनिटं लागतात. फाउंड्रीत मात्र त्या जाड झालेल्या जागी धातू उशिरा गोठतो, म्हणून पोकळी तिथे सरकते. मग रायझर हलवावा लागतो, कधी धातू आत येण्याची वाट बदलावी लागते, कोअर बॉक्स दुरुस्त करावा लागतो. नमुन्याची कास्टिंग ओता, कापा, एक्स-रे काढा, मापं घ्या, गिऱ्हाईकाची मान्यता मिळवा. पुढे मशिन शॉपमधलं फिक्श्चर जुन्या मापाचं, तेही बदला. मोटारींच्या धंद्यात हा खर्च चालून जातो, कारण एकाच पॅटर्नवर हजारो नग निघतात आणि नगामागे थोडी थोडी वसुली होते. ऑर्डर मधेच थांबली की उरलेली वसुली बुडते आणि पॅटर्न छपराखाली धूळ खात पडतो, हे इथे कुणाला नवीन नाही.

रॉकेटच्या धंद्यात हजारो नग नसतातच. एनजीएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात मिथेनवर चालणारी नऊ इंजिनं ठरली आहेत आणि विकासाची उड्डाणं तीन. त्यातही इस्रो यशस्वी झाली आणि टप्पे परत येऊ लागले, की नव्या इंजिनांची मागणी आणखी घटणार. म्हणजे रॉकेट जितकं उत्तम, तितका कारखानदाराचा पॅटर्न रिकामा. असा खर्च नगामागे वसूल करायला सांगणं ही कारखानदाराची थट्टा आहे. आणि कर्ज काढून साचे केलेले लोक बदलाला विरोध करणारच. प्रत्येक रिव्हिजनच्या, म्हणजे आराखड्यातल्या बदलाच्या, वेळी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणार की एवढ्यासाठी साचा कशाला मोडायचा, चालवून घेऊ. इस्रोचे अभियंतेही माणसंच, त्यांनाही मुदत आहे, तेही चालवून घेतील. आराखडा असा गोठतो. तो गोठवायचा निर्णय कुणीच घेत नाही. बदलाचं बिल सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाच्या नावावर फाडलेलं असलं की तो आपसूक गोठतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की एनजीएलव्हीच्या कंत्राटांत आराखड्यातल्या बदलाचा खर्च सरकारने वेगळा धरावा आणि स्वतः उचलावा. नगाचा दर वेगळा, साच्याचा खर्च वेगळा, रिव्हिजनचा खर्च वेगळा. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देताना रिव्हिजनचा खर्च दरात लपवायला लावू नये, कारण हा खर्च जो लपवतो तोच ती निविदा जिंकतो आणि नंतर तोच काम सोडून जातो.

यावर पहिला आक्षेप येईल तो कोल्हापुरातूनच येईल, की एवढं सगळं बोलतोय पण आपल्याकडे रॉकेटचं काम आहे कुठे? बरोबर आहे. इंजिनाचे ब्लॉक, सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम, पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडी हे आपलं मुख्य काम, आणि ते ओतीव लोखंडाचं. रॉकेटच्या इंजिनाला निकेलचे मिश्रधातू लागतात, निर्वातात वितळवणाऱ्या भट्ट्या लागतात. ग्रे आयर्नची भट्टी उद्यापासून ते काम करणार नाही. महाराष्ट्रात इस्रोचं मोठं काम आजवर वालचंदनगरला आणि विक्रोळीच्या गोदरेजकडे झालं. रॅप्टर ३ च्या दिशेने जग गेलं तर लहान कारखान्यांना मिळण्यासारखे फ्लॅन्ज, ब्रॅकेट आणि नळ्या हे भागच शिल्लक राहणार नाहीत, ही बोच तर अजून वेगळी. विजेच्या गाड्यांनी इंजिनाचा ब्लॉकच नाहीसा केला तेव्हापासून इथे प्रत्येक जण ओळखून आहे की कुणाच्या तरी आराखड्यातली सुटसुटीतता म्हणजे आपल्या दारातली ऑर्डर गेली. आमच्या भागात कारखाना काढा, आम्हाला अमुक टक्के भाग द्या, अशा मागण्यांचा म्हणूनच मला कंटाळा आहे. जे भाग उद्या नसणार आहेत त्यांचा वाटा मागून काय करायचं? ऑइल इंजिन दुरुस्त करता करता ते बनवायला शिकलेलं हे गाव आहे. त्याने मागायचं तर चाचणीचं काम मागावं. एकेक, दोन-दोन नग, झटपट, आज ड्रॉइंग आणि पंधरवड्यात नमुना. त्यासाठी भट्टीपासून शिक्षणापर्यंत नवं काही उभारावं लागेल. पण बदलाचा खर्च वेगळा मिळणार असेल तरच कुणी ते उभारायला धजेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पैसा जनतेचा, देश गरीब, आणि तुम्ही म्हणता की मोडा आणि बदला. मी तसं म्हणत नाही. नवा पेच पैलवान आधी तालमीत घोटतो, खासबागेच्या मैदानात पहिल्यांदा टाकून बघत नाही. फाल्कन ९ ने हेच केलं. उतरण्याचे सुरुवातीचे बरेच प्रयोग त्यांनी अशा बूस्टरवर केले ज्यांचं गिऱ्हाईकाचं काम होऊन गेलेलं होतं. उपग्रह पुढे गेला, पैसे मिळाले, आता हा टप्पा नाहीतरी बुडणारच, तर उतरवून बघू. तो पडला तरी कुणाचं नुकसान नव्हतं. आणि माणसं बसवायची वेळ आली तेव्हा नासाने अट घातली की ज्या स्वरूपात माणसं जाणार त्याच स्वरूपातली सात उड्डाणं आधी करून दाखवा, मधे बदल नको. मालासाठी मोकळीक, माणसांसाठी कुलूप. स्पेस शटलकडे पाहा. पहिल्याच उड्डाणापासून त्यात माणसं होती, त्यामुळे प्रत्येक बदल जिवावरचा होता आणि लांबत गेला. घन इंधनाच्या बूस्टरच्या सांध्यात दोष आहे हे माहीत असूनही १९८६ मध्ये चॅलेंजर उडालं आणि सात जण गेले. त्यानंतर तो सांधा बदलण्यात आणि बाकीच्या दुरुस्त्यांत ३२ महिने गेले.

तेव्हा एनजीएलव्हीच्या पहिल्या उड्डाणांत टप्पा बुडाला तर छाती पिटून घेऊ नये, आणि संसदेत त्याला अपयशही म्हणू नये. मात्र ही सवलत फुकट मिळू नये. तिच्या बदल्यात जनतेला कारण कळलं पाहिजे.

आणि इथे इस्रोबद्दल नाराजी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये इस्रोचं जीएसएलव्ही एफ १० हे रॉकेट अयशस्वी झालं तेव्हा हायड्रोजनच्या टाकीचा एक व्हॉल्व्ह गळला, दाब पडला आणि क्रायोजेनिक इंजिन पेटलंच नाही, हे इस्रोने सविस्तर जाहीर केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, तेव्हा दुसरा टप्पा सुटताना क्षणभराच्या थरथरीने त्वरणमापकांची मापं बिघडली आणि संगणकाने चुकीचा निष्कर्ष काढला, हेही सांगितलं. पुढच्या फेब्रुवारीत वेगळे होण्याची यंत्रणा बदलून तेच रॉकेट यशस्वी झालं. जगात कुणालाही दाखवावं असं हे काम आहे. मग १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही सी ६१ तिसऱ्या टप्प्यात बिघडलं आणि त्याचा अहवाल जनतेसमोर आलाच नाही. जानेवारी २०२६ मध्ये सी ६२ गेलं, तेही तिसऱ्या टप्प्यातच बिघडलं. पीएसएलव्ही हे आपलं सर्वांत भरवशाचं रॉकेट. लागोपाठ दोनदा, त्याच टप्प्यात. मधल्या काळात काय बदललं होतं, की काहीच बदललं नव्हतं? सुरक्षेचं कारण पुढे केलं जाईल, पण एफ १० च्या व्हॉल्व्हबद्दल सांगितल्याने कुठलंही गुपित फुटलं नव्हतं. स्पेसएक्स ही तर खासगी कंपनी, तिच्यावर अमेरिकी विमान वाहतूक खात्याचा दट्ट्या असतो म्हणून का होईना, जानेवारी २०२५ च्या थरथरीचं आणि जूनच्या फुटलेल्या टाकीचं कारण ती सांगते.

कारण कळण्याचा फायदा नुसता नागरिकाच्या समाधानापुरता नसतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा तक्ता असतो. अ, ब, क अशी अक्षरं, तारीख, सही आणि बदलाचं वर्णन. कारण लिहायला वेगळा रकाना बहुतेक वेळा नसतो. आमच्या कारखान्यांत बदल येतो, कारण येत नाही. भिंत का जाड केली हे ओतणाऱ्याला कळलं, तर तो म्हणू शकतो की साहेब, भिंत जाड करण्यापेक्षा इथे एक बरगडी द्या, वजनही वाचेल आणि पोकळीही येणार नाही. कारण माहीत नसलेला माणूस सांगितलं तेवढं करतो आणि बिल पाठवतो. रॅप्टरची नळी भिंतीत गेली, कारण भिंत करणारा आणि नळी आखणारा यांना एकमेकांची अडचण ठाऊक होती. आपले लोक शेकडो किलोमीटरवर आणि वेगवेगळ्या कंपन्यांत आहेत, म्हणून ही माहिती कागदावरून जाईल अशी सोय करारातच लागेल.

कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी संसदेत दोन साधे प्रश्न विचारावेत. ८,२४० कोटींपैकी आराखड्यातल्या बदलांमुळे वाया जाणाऱ्या साच्यांसाठी किती रक्कम धरली आहे? आणि पीएसएलव्हीच्या दोन अपयशांचे अहवाल कधी प्रसिद्ध होणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शून्य असं आलं तरी त्याचा उपयोग आहे. निदान इथल्या कारखानदाराला बँकेत कर्जाचा अर्ज भरण्याआधी ते कळलेलं असेल.